रिकंबंट टूरिंग सायकल बनवून घेताना: कागद आधी, सांगाडा नंतर

रेलून चालवायची सायकल, म्हणजे रिकंबंट, गोव्यातल्या दुकानात जाऊन, बसून बघून घेता येत नाही. ती कुणाकडून तरी बनवून घ्यावी लागते, नाहीतर परदेशी कारखान्याला पर्याय कळवून मागवावी लागते. ओळखीतल्या ज्यांनी ज्यांनी हा खटाटोप केला, त्यांच्यातल्या बहुतेकांनी सुरुवात मॉडेल आणि रंगापासून केली. मीही तेच केलं होतं.

साध्या सायकलीची सीट वरखाली करून, हँडल पुढे-मागे सरकवून बरंच सावरून घेता येतं. रिकंबंटमध्ये सीट, पायडल आणि पुढचं चाक यांचं एकमेकांशी असलेलं नातं सांगाड्यातच वेल्ड झालेलं असतं. चुकलेलं माप नंतर पान्याने दुरुस्त होत नाही. म्हणून क्रम पाळायचा तो असा: आधी रस्ता, मग शरीर, मग बैठक, मग चाकं आणि गिअर, मग सुटे भाग, आणि या सगळ्यानंतर सांगाड्याचं ड्रॉइंग. रंग सर्वांत शेवटी.

१. आधी रस्ता लिहून काढा

"टूरिंगसाठी हवी" एवढ्यावरून बनवणाऱ्याला काहीच कळत नाही. पेडण्याहून काणकोणपर्यंत किनाऱ्याने जाणं वेगळं आणि साखळी, केरीवरून चोर्ला घाट चढून बेळगाव गाठणं वेगळं. किनाऱ्याच्या वाटेवर चढ छोटे पण उभे, मध्ये पूल, मध्ये फेरीबोट, आणि काणकोणच्या अलीकडे करमल घाट. चोर्ल्याला किंवा मोलेवरून अनमोड चढताना मात्र एकाच लयीत बराच वेळ वर जात राहावं लागतं. दोन्हींना लागणारे गिअर सारखे नाहीत.

कागदावर तीनच गोष्टी लिहा: सर्वांत मोठा चढ, सर्वांत खराब रस्ता आणि एकूण वजन. वजन अंदाजाने लिहू नका. तंबू, कपडे, हत्यारं, चूल असं सगळं पिशव्यांत भरून नेहमीच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. त्यात पाणी धरा. आपल्याकडच्या उकाड्यात चार लिटर पाणी जवळ लागतंच, म्हणजे चार किलो तिथेच वाढले. हा आकडा आणि तुमचं स्वतःचं वजन यांवरून बनवणारा नळीची जाडी आणि आऱ्यांची संख्या ठरवतो.

पावसाळ्यात चालवणार की नाही, तेही लिहा. जून ते सप्टेंबर चालवणार असाल तर पूर्ण लांबीचे मडगार्ड, जाळीची सीट आणि डिस्क ब्रेक या तिन्हींवर तडजोड नको.

इथे थांबून तपासा: तिन्ही उत्तरं कागदावर आली आहेत का? नसतील तर मापाकडे वळू नका.

२. शरीराची मापं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश सांगतो.

रिकंबंटसाठी मुख्य माप पँटच्या शिलाईचं नव्हे. शिंप्याने घेतलेलं पायाच्या आतल्या बाजूचं माप अनेक जण पाठवून देतात. हवं असतं ते एक्स-सीम. जमिनीवर बसायचं, पाठ आणि कंबर भिंतीला पूर्ण टेकवायची, पाय समोर सरळ, गुडघे न वाकवता, पावलं उभी. भिंतीपासून टाचेच्या तळापर्यंतचं अंतर म्हणजे एक्स-सीम. साध्या पायाच्या मापापेक्षा हे सहज वीसेक सेंटिमीटरने जास्त भरतं.

एकट्याने हे माप घेता येत नाही. टेप बघायला वाकलं की पाठ भिंतीपासून सुटते. टाचेला टेकवून एक जाड पुस्तक उभं धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी फरशीवर पेन्सिलीची रेघ मारायला सांगा. आमच्याकडे हे काम बायकोने केलं. पहिल्या दोन रेघा तिने स्वतःच खोडल्या. "अहो, कंबर सुटलीय भिंतीची, मागे सरका," असं म्हणून तिने तिसऱ्यांदा रेघ मारली, तेव्हा आधीच्या मापात दोन सेंटिमीटरचा फरक निघाला. तीन वेळा माप घ्या. तिन्ही आकडे अर्ध्या सेंटिमीटरच्या आत येईपर्यंत घेत राहा.

माप अनवाणी घेतलं की बूट घालून, हे आकड्याशेजारी लिहा. पायडलला अडकणारे क्लीटवाले बूट वापरणार असाल तर तेही.

याशिवाय लागणारी मापं: उंची, आतल्या बाजूने पायाची लांबी, बसल्यावर बैठकीपासून खांद्यापर्यंतची उंची, खांद्यांची रुंदी, हाताची लांबी आणि बुटाची लांबी. बुटाची लांबी कशाला, असं वाटेल. छोट्या व्हीलबेसच्या, म्हणजे दोन चाकांतलं अंतर कमी असलेल्या, सायकलीत पावलं पुढच्या चाकाच्या वर किंवा शेजारी फिरतात. हळू वेगात हँडल वळवलं की टाच चाकाला घासू शकते. दहा नंबरचा बूट घालणाऱ्याला आणि सहा नंबरचा घालणाऱ्याला एकच सांगाडा चालत नाही.

क्रँकची, म्हणजे पायडलच्या दांड्याची, लांबीही आताच ठरवा. साध्या सायकलीवर बहुधा १७० मिलिमीटरचे क्रँक असतात. रेलून बसल्यावर पाठ सीटला टेकलेली असते, त्यामुळे जोर लावताना सगळा ताण गुडघ्यावर येतो. १५० ते १६० मिलिमीटरचे क्रँक गुडघ्याला सोपे जातात आणि टाच घासण्याचा धोकाही कमी होतो. ज्यांना आधीपासून गुडघ्याची तक्रार आहे, त्यांनी यावर अडून बसावं.

सावध: बूम, म्हणजे पायडल बसवलेली सांगाड्याची पुढची नळी, पुढे-मागे सरकते, मग माप थोडं चुकलं तरी चालेल, असं कुणी सांगेल. बूम किती बाहेर काढायची याला मर्यादा असते. तुमचं माप त्या श्रेणीच्या मधोमध यायला हवं, टोकाला नाही.

३. घरच्या सोप्यावर नमुना मांडा

प्रत्यक्ष रिकंबंट चालवून बघायला मिळाली तर सोनंच. पुण्या-बंगळुरूकडे कुणाची असेल तर त्यासाठी प्रवास करायला हरकत नाही. नाहीच मिळाली तर घरी नमुना मांडा. खर्च शून्य आणि त्यातून कळतं ते कुठल्याही छापील माहितीपत्रकातून कळणार नाही.

चार जांभ्याचे चिरे, दोन फळ्या आणि एक भिंत एवढं पुरे. एक फळी चिऱ्यांवर बैठक म्हणून आडवी, दुसरी पाठीमागे तिरपी. पाठीचा कोन मोबाइलमधल्या लेव्हलने मोजा, जमिनीपासून ४० अंशांवर सुरुवात करा. भिंतीवर खडूने पायडलच्या मध्याची खूण करा. बैठकीच्या सर्वांत खोल बिंदूपासून ती किती वर आहे हे लिहून ठेवा. मग पावलं त्या खुणेभोवती टेकवून वीस मिनिटं बसा. पेपर वाचा, फोनवर बोला, काहीही करा, पण उठू नका.

या वीस मिनिटांत चार गोष्टी बघायच्या.

पायांना मुंग्या येतात का? पायडल बैठकीपेक्षा जितकं उंच, तितका रक्ताला पायापर्यंत पोचायला त्रास. टूरिंगसाठी हा फरक दहा-पंधरा सेंटिमीटरच्या आत ठेवावा, असं माझं मत आहे. शर्यतीच्या सायकली याहून उंच असतात, त्यांची नक्कल करू नका.

मानेला ताण येतो का? पाठ ३० अंशांपर्यंत खाली गेली की वारा कमी लागतो खरा, पण मान उचलून धरावी लागते आणि डोक्याला आधार लागतो. म्हापशाच्या बाजारातून किंवा मडगावच्या गर्दीतून जायचं असेल तर ४० ते ४५ अंश बरे.

पावलांच्या वरून समोरची जमीन दिसते का? चार-पाच मीटरवर एखादी चप्पल ठेवा. दिसत नसेल तर रस्त्यातला खड्डाही दिसणार नाही.

आणि बैठकीच्या पुढच्या कडेवर सरकल्यावर दोन्ही पावलं जमिनीला नीट टेकतात का? फेरीच्या उतारावर शेवाळ धरलेल्या काँक्रीटवर थांबावं लागतं, तिथे एका पायाच्या बोटांवर तोल सांभाळणं जमत नाही. कड किती उंच चालते तो आकडा लिहा. हाच तुमच्या सीटच्या उंचीचा आकडा.

४. प्रकार आणि चाकं

छोट्या व्हीलबेसची दुचाकी, लांब व्हीलबेसची दुचाकी, की तीनचाकी? तीनचाकी चढावर पडत नाही, माणूस चालण्याच्या वेगानेही घाट चढू शकतो. पण गावातल्या अरुंद रस्त्यांवर, दोन्ही बाजूंना गडगे असताना तिची रुंदी आणि ठेंगणेपणा दोन्ही अडचणीचे ठरतात. लांब व्हीलबेसची शांत, सरळ चालते, पण ती घराच्या दारातून वळवणं, गाडीत किंवा रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमध्ये चढवणं कठीण. गोव्यातून निघून लांब फिरायचं असेल तर मी छोट्या व्हीलबेसची, पुढे लहान आणि मागे मोठं चाक असलेली सुचवेन.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. या सायकलीत पावलं तुमच्या डोळ्यांच्या मीटरभर पुढे असतात. गडग्यांमधल्या आंधळ्या वळणावर किंवा तिठ्यावर डोळ्यांना रस्ता दिसण्याआधी पाय रस्त्यात पोचलेले असतात. म्हणून दोन्ही बाजूंना आरसे आणि मागे उंच झेंडा हा सांगाड्याच्या ऑर्डरचाच भाग धरा. मागे वळून बघता येत नाही, आरसा नसेल तर रस्त्यावर उतरूच नये.

आता चाकं. इथे माझी स्वतःची गोष्ट सांगावी लागेल. पहिल्या सायकलीच्या ऑर्डरमध्ये मी पुढच्या चाकासाठी फक्त "२० इंच" असं लिहिलं. बनवणाऱ्याने २० इंचाचं चाक लावलंही. करमल घाट उतरून आल्यावर पुढचं टायर कडेला फाटलं. काणकोणच्या दुकानदाराने मुलांच्या सायकलीचं २० इंचाचं टायर काढून दिलं, बसवायला घेतलं, आणि ते रिमवर चढेना, कारण रिमच मोठी होती. कारवारमध्येही तेच झालं. तो प्रवास टेम्पोत संपला.

२० इंच नावाची दोन मापं आहेत. रिमवर टायर बसतं त्या जागेचा व्यास एकात ४०६ मिलिमीटर असतो, दुसऱ्यात ४५१. मुलांच्या आणि बीएमएक्स सायकलींचं टायर ४०६ चं असतं, ते कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतं. ४५१ चं मिळत नाही. २६ इंचाचंही तसंच: डोंगरी सायकलीचं, म्हणजे एमटीबीचं, ५५९, आणि जुन्या २६ x १ ३/८ वाल्या सायकलींचं ५९०. ऑर्डरमध्ये इंच लिहूच नका. पुढे ४०६, मागे ५५९, टायरची रुंदी ४७ ते ५० मिलिमीटर, असं लिहा. रिमचं भोक मोटारसायकलसारख्या जाड वॉल्वचं मागा, म्हणजे रस्त्यावरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येईल.

रुंद टायर का? खड्डा आला की साध्या सायकलीवर आपण ढुंगण उचलतो. इथे ते शक्य नाही, सगळा दणका थेट पाठीच्या कण्यात जातो, आणि लहान चाक खड्ड्यात जास्त खोल बसतं. सस्पेन्शन चांगलंच, पण त्याने वजन, किंमत आणि बिघडणाऱ्या भागांची संख्या वाढते. आधी रुंद टायर आणि ताणलेल्या जाळीची सीट घ्या. फोमची सीट आपल्या हवेत घामाने आणि पावसाने ओलीच राहते, जाळी तासाभरात वाळते.

५. गिअरचा हिशेब स्वतः करा

रिकंबंटवर चढाला उभं राहता येत नाही. शरीराचं वजन पायडलवर टाकण्याची सोय नाही, म्हणून हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवूनच चढावं लागतं. नेहमीच्या रोड बाइकचे गिअर लावून आलेली रिकंबंट घाटात ढकलावी लागते, आणि ती ढकलणं साध्या सायकलीपेक्षा अवघड.

हिशेब सोपा आहे. पुढच्या दातेरी चक्राचे दात भागिले मागच्या चक्राचे दात, गुणिले चाकाचा व्यास इंचांत. येणाऱ्या आकड्याला गिअर-इंच म्हणतात.

रोड बाइकचा सर्वांत हलका गिअर बघू. पुढे ३४, मागे २८, चाक २७ इंच. उत्तर येतं जवळपास ३३. या गिअरवर मिनिटाला ६० फेऱ्या मारायच्या तर वेग ताशी साडेनऊ किलोमीटर राखावा लागतो. सामानासकट चोर्ला घाटात हे बहुतेकांना जमत नाही.

आता पुढे ४४-३२-२२ अशा तीन चक्रांचं एमटीबी ट्रिपल, मागे ११-३४ ची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) आणि चाक २६ इंच. २२ भागिले ३४ गुणिले २६, म्हणजे १७ च्या किंचित खाली. साठ फेऱ्यांना वेग पावणेपाच किलोमीटर. याहून हळू गेलात तर दुचाकीचा तोल जायला लागतो, म्हणून दुचाकीला याच्या फार खाली जाण्यात अर्थ नाही. वरच्या टोकाला ४४ भागिले ११ गुणिले २६, म्हणजे १०४. उतारावर तेवढं पुरतं.

म्हणून ऑर्डरमध्ये लिहायचं वाक्य: "सर्वांत हलका गिअर १६ ते १८ गिअर-इंच." पुढे कोणते दात, मागे कोणते, हे बनवणाऱ्याने सुचवावं आणि तुम्ही गुणाकार करून पडताळावं. मागचं चाकही ४०६ चं असेल तर व्यास २० धरा, सगळे आकडे खाली येतात आणि मोठं चक्र लावता येतं.

सावध: "२७ स्पीड", "३० स्पीड" या आकड्याने फसू नका. गिअर किती आहेत यापेक्षा सर्वांत हलका कोणता, हे महत्त्वाचं.

६. चेन, केबल, ब्रेक

साध्या सायकलीला एक चेन पुरते. इथे अडीच ते तीन चेन जोडून एक होते. ती सीटखालून नेताना वाटेत पुली लागते, तिला आयडलर म्हणतात, आणि चेनला मातीपासून वाचवायला प्लास्टिकच्या नळ्या. आयडलरची बेअरिंग सीलबंद हवीत आणि एक जादा आयडलर मूळ ऑर्डरमध्येच मागवा, कारण हा भाग इथे मिळणार नाही. जिथे जिथे दोन चेन जुळतात तिथे हाताने उघडणारी क्विक लिंक मागा.

चेन कापून पाठवू नका, असं स्पष्ट कळवा. बूम अडीच सेंटिमीटर पुढे सरकवली की चेन वरून आणि खालून अशी पाच सेंटिमीटर जास्त लागते, म्हणजे चार कड्या. बूम पक्की झाल्यावरच चेन कापायची.

मागच्या गिअरची आणि ब्रेकची केबलही लांब. दुकानात मिळणारी आतली तार साधारण दोन मीटर असते, ती मागच्या चाकापर्यंत पोचत नाही. दोघांनी चालवायच्या टँडेम सायकलीची तीन मीटरच्या वरची तार लागते. प्रत्येकी दोन जादा मागवून एक गुंडाळी सामानात कायम ठेवा.

ब्रेक १६० मिलिमीटरचे, केबलवर चालणारे डिस्क. हायड्रॉलिक ब्रेक हाताला मऊ लागतात, पण सावंतवाडीच्या पुढे कुठेतरी त्यात हवा शिरली तर दुरुस्त करायला सामान मिळत नाही. हँडल सीटच्या वर हवं की खाली, हा सवयीचा भाग. गर्दीत अरुंद जागेतून काढायला वरचं सोपं.

बाकी भाग शक्य तेवढे साधे: ६८ मिलिमीटरचं आटे असलेलं बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा आस फिरतो ती जागा), मागे १३५ मिलिमीटरचा हब (चाकाचा मधला भाग), स्टीलचे आरे. नवीन, फक्त एकाच कंपनीचे बसणारे भाग नकोत.

७. गंजाचा बंदोबस्त पेंटच्या आधी

सांगाडा क्रोमोली स्टीलचा घ्या. अल्युमिनियम हलकं, पण तुटलं तर वाटेत सांधता येत नाही. स्टील कुठलाही चांगला वेल्डर तात्पुरतं तरी जोडून देतो. मात्र स्टीलला आपली खारी हवा खाते, आणि खाते ती आतून. बाहेरचा रंग चकचकीत असतो आणि नळीच्या आत पाणी साचलेलं असतं.

म्हणून तीन गोष्टी लेखी मागा. प्रत्येक नळीला सर्वांत खालच्या जागी पाणी निघायला छिद्र. कोटिंग झाल्यावर नळ्यांच्या आतून गंजरोधक मेण किंवा उकळलेल्या जवसाच्या तेलाचा हात. आणि सँडब्लास्टिंग झाल्यावर त्याच दिवशी पावडर कोटिंग. पावसाळ्याच्या दमट हवेत उघडं स्टील एका रात्रीत तांबूस होतं. सांगाडा इथेच, कुंडई किंवा वेर्ण्याच्या वसाहतीत कोट करून घेणार असाल तर आधी वेळ ठरवा, मगच ब्लास्टिंगला द्या.

याच टप्प्यावर वेल्ड करायचे सगळे बॉस, म्हणजे बोल्ट बसवायचे आटे असलेले तुकडे, मोजा: मागच्या कॅरियरचे, सीटखालच्या कॅरियरचे, दोन्ही मडगार्डचे, निदान तीन बाटल्यांचे, दिव्याचे, झेंड्याचे. रंग झाल्यावर एक विसरलेला बॉस वेल्ड करायचा तर तिथला सगळा रंग जाळावा लागतो. सामानाचं जास्त वजन सीटखाली, दोन चाकांच्या मध्ये यायला हवं, हे लक्षात ठेवून कॅरियरच्या जागा ठरवा.

८. कुणाकडून, आणि ऑर्डरचा कागद

तीन वाटा आहेत. युरोपातले रिकंबंट बनवणारे कारखाने मापाप्रमाणे पर्याय निवडून सायकल पाठवतात. दुसरी वाट म्हणजे आपल्या देशातला सायकलीचे सांगाडे बनवणारा कारागीर. तिसरी, गावचा फॅब्रिकेटर. तिसऱ्या वाटेला पहिल्या सायकलीसाठी जाऊ नका. गेट आणि ग्रिल उत्तम बनवणाऱ्याच्या हाताखाली एक मिलिमीटरहून पातळ नळी सहज जळून जाते, आणि जिगशिवाय, म्हणजे नळ्या जागच्या जागी पकडून ठेवणाऱ्या साच्याशिवाय, पुढचं-मागचं चाक एका रेषेत येत नाही.

कारागिराला हे विचारा: याआधी रिकंबंट बनवलीय का, आणि ती चालवणाऱ्याशी बोलता येईल का? पुढच्या फोर्कचा कोन आणि ट्रेल (फोर्कच्या आसाची रेष जमिनीला मिळते तिथून टायर टेकतं तिथपर्यंतचं अंतर) कसे ठरवता? डोक्याने अंदाज बांधून सांगतो म्हणणाऱ्यापेक्षा चालत्या सायकलीची भूमिती घेऊन तुमच्या मापाला बसवणारा माणूस निवडा.

मग एका पानावर ऑर्डर लिहा. मापं, अनवाणी की बूट घालून, याच्या उल्लेखासह. सीटची उंची, पाठीचा कोन, पायडलची उंची. चाकं मिलिमीटरमध्ये. सर्वांत हलका गिअर. क्रँक, हब, ब्रॅकेट, ब्रेकची मापं. बॉसची यादी. गंजरोधक काम. जादा भागांची यादी, त्यात मागचा गिअर बदलणारा डिरेलर टांगायचे दोन हँगर. शेवटी रंगाचा कोड. बनवणाऱ्याला एकही गोष्ट मनाने ठरवावी लागू नये, हा या पानाचा उद्देश. त्याच्याकडून मापं टाकलेलं ड्रॉइंग येईल, ते तुमच्या पानाशी एकेक आकडा लावून तपासा आणि मगच मान्यता द्या.

थांबा: ड्रॉइंग हातात येण्याआधी मोठी रक्कम देऊ नका. ड्रॉइंग मान्य झाल्यावर एक तृतीयांश, रंगाआधीचे फोटो बघून आणखी तेवढाच, निघताना उरलेला, अशी विभागणी रास्त आहे. परदेशी कारखाना पूर्ण रक्कम आधी मागत असेल, तर तिथे निदान ड्रॉइंग आणि मुदत लेखी असू द्या.

वेळेचं गणितही इथेच. डिसेंबरात निघायचं असेल तर सायकल चवथीच्या सुमारास हातात हवी. ऑक्टोबर सरावाला, नोव्हेंबर छोट्या फेऱ्यांना. हातात येण्याच्या तारखेपासून मागे मोजून ऑर्डरची तारीख काढा.

९. वाहतूक आणि सीमाशुल्क

परदेशातून मागवताना दोन गोष्टी हमखास अंगावर येतात.

पहिली, आकारमानाचं वजन. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हवाई कुरिअरवाले बहुधा ५००० ने भागतात, आणि खऱ्या वजनापेक्षा ते जास्त भरलं तर पैसे त्याचे घेतात. १५० x ८० x ३५ चं खोकं म्हणजे ८४ किलो, आत सायकल पंचवीस किलोची असली तरी. चाकं, बूम आणि सीट काढून १३० x ७५ x ३० मध्ये बसवली तर साडेअठ्ठावन्न किलोवर येतं. खोक्याचं माप आधी विचारा, भाव नंतर.

दुसरी, सीमाशुल्क. ते सायकलीच्या किमतीवर नव्हे, तर किंमत, विमा आणि वाहतूक यांच्या बेरजेवर लागतं, आणि त्याच्यावर पुन्हा आयजीएसटी. सायकलीचा शुल्क क्रमांक ८७१२, सुट्या भागांचा ८७१४. त्या दिवसाचे दर कस्टम्स एजंटकडून लेखी घ्या आणि ती रक्कम पहिल्या दिवसापासून खर्चात धरा. पाठवणाऱ्याने भाव डीडीपी (शुल्कासकट) सांगितला की डीएपी (शुल्काशिवाय), तेही विचारा. डीएपी असेल तर इथलं शुल्क तुम्ही भरायचं. बिलावर किंमत कमी दाखवायला सांगू नका. माल अडकतो, आणि वाटेत मोडतोड झाली तर विमाही तेवढाच मिळतो.

१०. रंगाआधीचे फोटो

सांगाडा वेल्ड होऊन रंगाला जाण्याआधी पाच फोटो मागा: दोन्ही बाजू, वरून, मागून, आणि पाणी निघायच्या छिद्रांचा जवळून. बॉस मोजा. एक विसरलेला असेल तर आता दहा मिनिटांचं काम आहे.

दोरीची परीक्षाही करून फोटो मागा. मागचं चाक बसतं त्या एका खाचेपासून दोरी पुढे हेड ट्यूबला (फोर्क शिरतो त्या नळीला) वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणायची. मधल्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचं अंतर सारखं यायला हवं. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर रंगाला जाऊ देऊ नका.

११. खोकं उघडल्यावर

कुरिअरवाला उभा असतानाच खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो काढा. मग आत बघा: हँगर वाकलाय का, डिस्क सरळ फिरते का, आरे दोन-दोन चिमटीत दाबल्यावर ताण सारखा लागतो का. स्टीलचा प्रत्येक बोल्ट जिथे अल्युमिनियममध्ये जातो तिथे ग्रीस आहे याची खात्री करा. नसेल तर काढून लावा, आपल्या हवेत तो वर्षभरात जाम होतो.

बूम एक्स-सीमप्रमाणे बसवा. पायडल सर्वांत दूर असताना गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. बूम जिथे सांगाड्यात शिरते तिथे कडेला रंगीत टेपची बारीक पट्टी चिकटवा. पहिल्या चढावर जोर लावून आल्यावर ती पट्टी बघा. बूम आत सरकली असेल किंवा फिरली असेल तर पट्टी लगेच सांगेल. क्लँप घट्ट करा, पुन्हा चढ, पुन्हा पट्टी. ती हलेनाशी झाली की चेन कापा.

१२. पहिले तीनशे किलोमीटर

सुरुवात पंचायतीच्या मैदानात किंवा रिकाम्या रस्त्यावर करा. निघताना हलका गिअर, एक पाय पायडलवर, पाठ सीटला टेकलेली, हँडल सैल हातात. घट्ट धरलं की सायकल डोलते. थांबण्याआधी गिअर हलका करायची सवय लावा, नाहीतर पुन्हा निघताच येत नाही.

तुम्ही रोज पन्नास किलोमीटर सायकल चालवत असाल तरी या बैठकीचे स्नायू वेगळे आहेत. पहिले दोन-तीन आठवडे चढावर वेग अपेक्षेपेक्षा कमीच असेल. गिअर चुकला म्हणून लगेच चक्रं बदलू नका. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखलं तर बूम बरेचदा जवळ असते, मागच्या बाजूला दुखलं तर दूर. एका वेळी पाच मिलिमीटर सरकवा, दोन दिवस चालवा, मग पुढचं.

त्यानंतर सामान भरून एक मुक्कामाची फेरी करा. फोंड्याहून बोरीमार्गे मडगाव आणि परत, अशी पुरेल. परतल्यावर कॅरियरचे, क्रँकचे आणि बूमचे बोल्ट पुन्हा आवळा आणि आऱ्यांचा ताण बघून घ्या, नवीन चाकं या काळात सैल पडतात. बूमची अंतिम जागा, चेनच्या कड्यांची संख्या आणि दोन्ही टायरांचे मिलिमीटरमधले आकडे ड्रॉइंगवर लिहा. एक प्रत बनवणाऱ्याला पाठवा. दुसरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून सीटच्या मागच्या खिशात, जादा केबलच्या गुंडाळीसोबत ठेवा.